अकराव्या मिनिटाच्या पुढं

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात झेरॉक्सच्या यंत्रात अडकलेला कागद ओढत होतो. त्याच्या धाकट्या भावाचा आवाज होता. "दादा गेला..." एवढंच म्हणाला. मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि तो कागद काढायचं काम पुरं केलं. नंतर माझं मलाच कसंतरी झालं. त्याला आता पाच आठवडे झाले.

अंबडला आमच्या गल्लीत केबल आणली ती दत्तानं. खांबावर चढलेला दत्ता आणि खाली वायरचं भेंडोळं सोडत उभी असलेली त्याची शाळकरी मुलगी उषा, ही जोडी सगळ्यांच्या सवयीची होती. पोरीला कशाला वायरी ओढायला लावतोस, असं कुणी म्हटलं की तो म्हणे, "तिलाच हौस हाय, मी काय करू?" माणूस तापट. ऐन मॅचमध्ये चित्र गेलं म्हणून लोक शिव्या द्यायचे, तर हा खांबावरूनच दुपटीनं परत करायचा. पण चित्र आणल्याशिवाय खाली उतरत नसे.

उषा इंजिनियर झाली आणि परदेशात नोकरीला लागली. काम काय, तर टीव्हीचे कार्यक्रम इंटरनेटवरून घरोघर पोचवायचे. सुट्टीत आली तेव्हा चार गिऱ्हाइकांदेखत सहज बोलून गेली, "आबा, आता तुमच्या वायरीचं काही खरं न्हाई." दत्ताला ते फार झोंबलं. "मंग ऱ्हा तुझ्या इंटरनेटमंदी, इकडं कशाला आल्ती?" असं त्यानं विचारलं आणि ती दुसऱ्याच दिवशी निघून गेली. पुढं तीन वर्षं बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. वहिनी तिच्याशी फोनवर बोलायला लागल्या की हा चपला घालून बाहेर पडायचा.

मग वहिनींकडून कळलं, की तिथल्या मराठी मंडळींच्या टीव्ही कार्यक्रमात उषाची मुलाखत झाली आहे आणि ती आठवडाभर इंटरनेटवर ठेवणार आहेत. साऱ्या गावाला टीव्ही दाखवणाऱ्या दत्ताच्या डिशवर तेवढाच एक कार्यक्रम येणार नव्हता. तेव्हा माझा नेट कॅफे होता... म्हणजे तीन कॉम्प्युटर आणि टेलिफोनची एक लाइन. दत्ता आला आणि म्हणाला, "सहज आल्तो." मग खिशातून पत्ता लिहिलेली चिठ्ठी काढली.

चित्र टपालाच्या तिकिटाएवढं. दोन वाक्यं चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. दत्तानं बाकीचे दोन कॉम्प्युटर बंद करायला लावले, माझी गिऱ्हाइकं परस्पर पिटाळली. उषा दिसली, बोलली, हसली. अकराव्या मिनिटाला मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "पण हे वायरींचं वेड तुला लावलं कुणी?" उषानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लाइन तुटली. पुन्हा जोडली की सगळं पहिल्यापासून. चार दिवस आम्ही तीच अकरा मिनिटं पाहिली. रोज तिथंच घोडं अडायचं.

पाचव्या दिवशी मी जेवून परत आलो तर दत्ता स्टुलावर चढलेला. केबलचं चित्र कमजोर पडलं की तो मध्ये बूस्टर बसवायचा. तोच इलाज त्यानं माझ्या टेलिफोनच्या वायरीवर केला होता. "शिग्नल कमी पडून राह्यलाय, दुसरं काय न्हाई," असं मलाच समजावत होता. इंटरनेट राहिलं बाजूला, फोनही मुका झाला. बूस्टर काढला, वायर जोडली, तरी काही नाही. लाइनमन येईपर्यंत आठवडा उलटला आणि कार्यक्रम निघून गेला. मी त्याला नको नको ते बोललो. आयुष्यात पहिल्यांदाच तो उलटून बोलला नाही. दुरुस्त झालेला फोन त्यानं पुढ्यात ओढला. नंबर त्याला पाठ होता.

"उषे, आबा बोलून राह्यलो... त्या बाईनं इचारलं, वेड कुणी लावलं. तू पुढं काय म्हणली?"

तिचं उत्तर मला ऐकू आलं नाही. दत्तानं फोन ठेवला, उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "माझं नाव घेतलं म्हणे." तेव्हापासून दर रविवारी तिला फोन. आपल्या पोरीनं टीव्हीवर आपलं नाव घेतलं, हे त्यानं बदनापूरच्या पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना सांगितलं.

तेराव्याला उषा माझ्या दुकानात आली. म्हणाली, "काका, मी आबांचं नाव घेतलंच नव्हतं. मी रागात होते. 'कुणी नाही, माझी मीच शिकले' असं म्हणाले होते. त्यांनी विचारलं तेव्हा मात्र खरं सांगायला जीभ वळली नाही, तुमचंच नाव घेतलं म्हटलं. त्यांनी पुढं कधी पाहिलं का हो ते?"

मी "नाही" म्हणालो.

उषा, मी खोटं बोललो. ब्रॉडबँड आल्यावर तुमच्या त्या मंडळींनी जुने कार्यक्रम पुन्हा लावले होते. दत्ता एका दुपारी आला. अकरावं मिनिट सरळ पार झालं आणि तुझं उत्तर त्यानं नीट ऐकलं. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. संपल्यावर तो म्हणाला, "कुठंच अटकलं न्हाई. हेच काम करती ना आपली उषी? बराबर करती." मग दारात थांबून म्हणाला, "मी पाह्यलं म्हणून तिला सांगू नको." त्या रविवारी त्यानं तुला नेहमीसारखाच फोन केला.

त्याला दिलेला शब्द मी इथं मोडतो आहे. हे वर्तमानपत्र तिकडं इंटरनेटवर तुला वाचायला मिळेल, म्हणून मोडतो आहे. तो बूस्टर अजून माझ्या फळीवर आहे, माझ्या वायरीचा तुकडा त्याला तसाच लोंबतो आहे. पुढच्या वेळी आलीस की घेऊन जा.