सगुणाबाईंची तोंडी परीक्षा

तारण, म्हणजे पापातून सुटका, फुकट मिळतं, यावर माझा साठ वर्षं विश्वास बसला नव्हता. हे मी कुणाला बोललो नव्हतो, आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना तर नाहीच. दर रविवारी पुढून दुसऱ्या बाकावर बसून, मान डोलावत, मी कृपेवरची प्रवचनं ऐकत आलो. माणसाच्या कर्तबगारीनं काही होत नाही, ख्रिस्तानं वधस्तंभावर सगळं पुरं केलं आहे, आपण फक्त विश्वासानं हात पुढं करायचा. ऐकायला गोड वाटायचं. पण माझी सगळी नोकरी गेली चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तयार माल तपासण्यात. प्रत्येक नग गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालून बघायचा. केसभर जाड निघाला तरी त्यावर लाल खूण करून बाजूला टाकायचा. चौतीस वर्षं हेच केलेल्या माणसाला कुणी सांगितलं की तुला न तपासताच पास केलं आहे, तर त्याला पहिली शंका येते ती पास करणाऱ्याची. मी मनात म्हणायचो, आपण उपासना चुकवत नाही, मिळकतीचा दशांश चर्चला देतो, तंबाखूला शिवत नाही, बहुतेक पास होऊ. तो ‘बहुतेक’ मात्र रोज सकाळी उठल्या उठल्या टोचायचा.

निवृत्त झाल्यावर पाळकसाहेबांनी माझ्याकडे दृढीकरणाचा वर्ग सोपवला. आमच्याकडे बाप्तिस्मा लहानपणी होतो. मोठं झाल्यावर आपला विश्वास सगळ्या मंडळीसमोर स्वतःच्या तोंडानं कबूल करायचा, मग बिशपसाहेब डोक्यावर हात ठेवतात. ते दृढीकरण. ते झाल्याशिवाय प्रभुभोजनाची भाकर मिळत नाही. वर्गाला तीन गोष्टी पाठ याव्या लागतात: प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो त्याची कबुली, आणि दहा आज्ञा. नाताळच्या आधीच्या रविवारी बिशपसाहेब येणार होते आणि माझ्या वर्गात कॉलेजची आठ पोरं होती. नववं नाव होतं सगुणाबाईंचं.

सगुणाबाई गंगापूरकडच्या. सत्तरीच्या पुढच्या. जन्मभर कापूस वेचला, आता लेकीकडे चिकलठाण्याच्या नव्या वस्तीत राहायला आलेल्या. त्यांच्या गावात पाळक वर्षातून दोनदा यायचे, त्या दोन्ही वेळी या नेमक्या रानात असायच्या, म्हणून दृढीकरण राहून गेलं ते गेलंच. इतकी वर्षं मंडळी भाकर घ्यायला पुढं जाऊन गुडघे टेकायची आणि बाई बाकावर बसून बघत राहायच्या. “मास्तर, एकडाव मला बी तिथं गुडघं टेकायचंय,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मला मास्तर म्हणणाऱ्या त्या एकट्याच.

बाईंना वाचता येत नव्हतं. मी एकेक ओळ म्हणायचो, त्या मागून म्हणायच्या, आणि पुढच्या रविवारी सगळं कोरं. शेवटी तोंडी परीक्षेचा दिवस आला. पोरांनी घडाघडा म्हणून दाखवलं. सगुणाबाई उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि दहा आज्ञांपैकी आठ सांगितल्या, त्यात ज्याचा लोभ धरू नये तो शेजाऱ्याचा बैल दोनदा आला. मी म्हटलं, “बाई, उरलेल्या?” त्या हसून म्हणाल्या, “आता त्या घरी ऱ्हायल्या जनू.” पोरं हसली, मी नाही हसलो. विश्वासांगीकार त्यांनी मधूनच सुरू केला आणि प्रभूच्या प्रार्थनेत मध्ये मागायची रोजची भाकर सगळ्यात आधी मागून घेतली. मी यादीत त्यांच्या नावापुढं लिहिलं, ‘पुढच्या वर्षी’. त्यांना तसं सांगितलं. “पुढच्या साली म्या असन का नाय, कोनाला ठावं,” एवढंच म्हणाल्या आणि चपला घालून लेकीबरोबर गेल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

घरी बायकोला हे कळलं. ती वाटाणे सोलत होती, ते तिनं बाजूला ठेवले. “अहो, त्या बाईंनी जन्मभर वाट बघितली आणि तुम्ही त्यांना बैलावरून नापास केलं?” मी नियम सांगितला. ती म्हणाली, “स्वर्गाच्या दारात पण तुम्ही गेज घेऊन उभे राहाल, आणि तुम्हीच आत जायचे राहाल.” मी पेपर तोंडासमोर धरला. आमच्या घरात वाद असाच संपतो.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, मी चहाचा कप उचलला आणि तो हातातून सुटला. उजवा हात माझा नसल्यासारखा लोंबत होता. बायकोला म्हणायचं होतं, चहा सांडला. तोंडातून आलं, “फर्दापूर.” ती हसली. लग्नानंतर आम्ही अजिंठा बघायला गेलो होतो, परतीची एसटी चुकली आणि फर्दापूरला भजी खात अख्खी दुपार काढली होती. तिला वाटलं, आज बऱ्याच वर्षांनी यांना आठवण आली. मी पुन्हा जोर लावून सांगितलं, “फर्दापूर! फर्दापूर!” तेव्हा तिनं माझं वाकडं झालेलं तोंड बघितलं आणि ओरडत बाहेर धावली. शेजारचे सलीमभाई दुकानाला निघाले होते. “भाभी, तुम्ही फक्त त्यांचे कागद घ्या, गाडी मैं निकालता,” म्हणत त्यांनी मला लहान मुलासारखं उचलून मागच्या सीटवर बसवलं. जालना रोडवर सकाळची एवढी गर्दी, पण त्या माणसानं हॉर्नवरचा हात काढला नाही. डॉक्टर नंतर म्हणाल्या, मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती, वेळेत आणलंत. त्या दिवशी सलीमभाई रोजच्यापेक्षा वीस मिनिटं उशिरा निघाले होते, कारण त्यांना एक चप्पल सापडत नव्हती. ती चप्पल कुणी लपवली यावर मी काही बोलणार नाही.

हात हळूहळू हलायला लागला, पण शब्द काही परतले नाहीत. पाणी मागायला जावं तर फर्दापूर, खिडकी लावा म्हणायला जावं तर फर्दापूर. सलीमभाई भेटायला आले की म्हणायचे, “चलेंगे चलेंगे, पहले अच्छे तो हो जाओ.” सगळे हसायचे, मीही हसायचो. पण शुक्रवारी पाळकसाहेब दवाखान्यात आले, पलंगाशी उभं राहून त्यांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि मला खूण केली, सोबत म्हणा. साठ वर्षं झोपेतून उठवलं तरी न चुकता म्हणत आलेली प्रार्थना, तिचा पहिला शब्दही मला सापडेना. तोंडात नाही, मनातही नाही. ते गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून रडलो. मला मरणाची भीती वाटत नव्हती. वाटत होतं ते असं, की ज्या जोरावर मी देवासमोर उभा राहणार होतो ते सगळं काढून घेतलं गेलं आणि आता दाखवायला हातात काहीच उरलं नाही. साधी प्रार्थनाही न येणारा माणूस. मी जर माझ्याच टेबलावर आलो असतो, तर मी स्वतःवर लाल खूण केली असती.

शनिवारी दुपारी, भेटायच्या वेळेत, दारात सगुणाबाई दिसल्या. हातात डबा. मला तोंड कुठं लपवावं कळेना. त्यांनी बायकोकडे डबा दिला, “ज्वारीची आंबील हाय, पातळ केलीय, डाक्टरला इचारून द्या.” मग स्टूल ओढून माझ्याजवळ बसल्या. “मास्तरला बोलता येत नाय व्हय?” बायकोनं मान हलवली आणि पाळकसाहेब आले तेव्हा काय झालं ते सांगून टाकलं. बाईंना जराही नवल वाटलं नाही. त्यांनी माझा लुळा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. कापसाच्या बोंडांनी ओरखडून ओरखडून त्या हातांची कातडी खरखरीत झाली होती.

“त्याचं काय एवढं,” त्या म्हणाल्या. “मला कुठं येतंय? मी लई इसरते मास्तर. पन म्या इसरले तरी त्यो मला इसरत नाय. मंग म्या कामून घाबरू?”

आणि त्यांनी प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. भाकर आधी मागितली. मग क्षमा. मग राज्य, मग नाव, मग पुन्हा भाकर. माझ्यातला तपासनीस शब्द हरवले तरी शाबूत होता. त्यानं तीन चुका मोजल्या. चौथ्या चुकीला कुठं तरी माझं मोजणं थांबलं. मला दिसलं की ही बाई समोर कुणीतरी बसलं आहे असं बोलते आहे. पाठ म्हणून दाखवत नाही, मागते आहे, आणि मिळणार याबद्दल तिला काडीची शंका नाही. दृढीकरण तर तिचं कधीच झालं होतं. मीच तेवढा राहिलो होतो.

प्रार्थना संपली. बाई म्हणाल्या, “मास्तर, बाकी समदं झालंय. तुमी निस्तं आमेन म्हना.”

मी तोंड उघडलं. बायकोला ठाऊक होतं काय येणार. आणि माझ्या तोंडातून स्पष्ट आलं, “आमेन.”

बायको रडायलाच लागली. डॉक्टरांनी संध्याकाळी समजावून सांगितलं की वर्षानुवर्षं तोंडात बसलेले शब्द आधी परत येतात, हे नेहमीचं आहे. असेल. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. घालायला शब्दही नव्हते. मी एवढंच सांगू शकतो, की त्या शब्दानंतर छातीवरचं काहीतरी उतरलं आणि मी कितीतरी दिवसांनी शांत पडून राहिलो. बाकी सगळं झालं आहे, हे मी हजार वेळा ऐकलं होतं. खरं वाटलं ते त्या दुपारी.

दुसऱ्या दिवशी मी हातवारे करून वर्गाची यादी मागवली. बायकोला कळायला वेळ लागला नाही. तिनं पाळकसाहेबांसमोर ‘पुढच्या वर्षी’ हे माझे शब्द खोडले आणि मी डाव्या हातानं शेजारी एक वाकडी रेघ ओढली. ती सही समजायची असं ठरलं.

घरी आल्यावर मी सरावाला लागलो. बिशपसाहेब भाकर हातावर ठेवताना, ‘हे ख्रिस्ताचं शरीर, तुझ्यासाठी दिलेलं’ असं म्हणतात, आणि आपण आमेन म्हणायचं. मी रोज सकाळी आरशासमोर दहा-दहा वेळा आमेन म्हणायचो. दहातले सात बरोबर यायचे. बायको स्वयंपाकघरातून मोजायची. शेवटच्या दोन दिवसांत नऊवर आलो आणि, खोटं कशाला सांगू, मला जरा अभिमानच वाटला.

रविवार उजाडला. चर्चमध्ये कागदी तारे, गव्हाणीसाठी आणलेलं गवत, नव्या कपड्यांचा वास. आठ पोरांच्या शेवटी सगुणाबाई पांढरं लुगडं नेसून उभ्या होत्या. बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला तेव्हा त्यांनी डोळे मिटले नाहीत, टक्क उघडे ठेवून वर बघत राहिल्या. मग प्रभुभोजनासाठी सगळे वेदीच्या कठड्याशी गेले. मी सावकाश बायकोचा हात धरून गेलो आणि नेमका सगुणाबाईंच्या शेजारी गुडघे टेकले. उजवा तळवा डाव्यावर ठेवायचा, हे मी सगळ्या पोरांना शिकवलेलं. माझाच उजवा पुरता उघडत नव्हता. बाईंनी आपला हात माझ्या हाताखाली धरला.

बिशपसाहेब समोर आले. भाकर ठेवली. शब्द उच्चारले. मी मान वर केली, मनात नीट जुळवलं आणि खणखणीत आवाजात म्हणालो, “फर्दापूर!”

मागच्या बाकांवरून कुणीतरी फिसकन हसलं. नऊ वेळा बरोबर येणारा शब्द, आणि दहावी वेळ नेमकी इथं! मी चोरून बिशपसाहेबांकडे बघितलं. ते थांबले नव्हते, रागावलेही नव्हते; गालातल्या गालात हसत पुढं सगुणाबाईंच्या हातावर भाकर ठेवत होते. बाईंनी स्वतःसाठी एक आमेन म्हटलं. मग माझ्याकडे वळून, मंडळीला ऐकू जाईल अशा आवाजात, माझ्यासाठी दुसरं म्हटलं.

मला वाटत होतं की निदान आमेन तरी माझं असलं पाहिजे, तेवढं तरी मी बरोबर करून दाखवीन, म्हणजे विश्वासाची परीक्षा पास. तेही जमलं नाही. खाली बघितलं, तर भाकर माझ्या तळव्यावर होती. मी तोंड उघडायच्या आधीपासून होती. मी ती खाल्ली आणि मग मलाच इतकं हसू यायला लागलं की बायकोला वाटलं पुन्हा झटका आला.

आता मला नीट बोलता येतं. बायकोच्या मते जरा जास्तच. गेल्या आठवड्यात नवा वर्ग सुरू झाला आहे. सगुणाबाई येऊन शेवटच्या बाकावर बसतात, शिकायला नाही, पोरांना धीर द्यायला. पाठांतर मी अजूनही घेतो, कारण ते शब्द सुंदर आहेत आणि एके दिवशी ते कुणाच्या तरी उशाशी बसून म्हणावे लागतील. लाल पेन मात्र घरी ठेवतो. रोज सकाळी जाग आली की पडल्या पडल्या मी तळहात उघडून बघतो. उजवा अजून पुरता उघडत नाही. जेवढा उघडतो तेवढा पुढं करतो आणि त्या दिवशी तोंडात जो शब्द येईल तो म्हणतो.