कमानीवरचा खांदा

जोतीराम हवालदाराला गावानं इतक्या शाली पांघरवल्या, की बनुबाई त्यांच्या गोधड्या शिवून शिवून कंटाळली. दर पंधरा ऑगस्टला एक, सव्वीस जानेवारीला एक. नवऱ्याचं शौर्य तिच्या सुईलाच जास्त जड गेलं.

म्हाताऱ्याचं दुखणं मात्र वेगळंच. एकाहत्तरच्या लढाईत त्यानं हातगोळा टाकून शत्रूची मशीनगन बंद पाडली, त्याबद्दल सेना पदक मिळालं, ते खरंच. पण त्याच वेळी मांडीत गोळी घुसली आणि गडी बांधाला आडवा झाला. तिथून त्याला उचललं आकारामनं. आकाराम म्हसवडकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. लंगडं मेंढरू मानेवर आडवं टाकून त्याचे पाय छातीपाशी एका मुठीत धरतात, तसंच त्यानं जोतीरामला घेतलं. दुसऱ्या हातात बंदूक.

"हलू नगंस रं गड्या, मेंढरू बी एवढं वळवळत न्हाई," एवढंच बोलला. जोतीरामला आडोशाला ठेवून दुसऱ्या जखमीला आणायला गेला, तो परत आलाच नाही. बघणारं कुणी उरलं नव्हतं. जोतीराम दवाखान्यात शुद्धीवर येऊन सांगेस्तोवर बक्षिसाचे कागद वर गेले होते.

तेव्हापासून माईक हातात आला की तो आकारामचं नाव काढायचा. आणि तेवढ्यात कुणीतरी जयघोष करून माईक काढून घ्यायचं. पोरांना जिलेबी वाटायची घाई!

यंदा गावानं त्याच्या नावाची कमान बांधायचं ठरवलं. जोतीराम म्हणाला, "नाव माझं घाला, पर चित्र आकारामचं काढा. मला मानेवर घेतल्यालं." सरपंच यशराजनं मान डोलावली. म्हातारा हुरळला. त्यानं आकारामच्या बायकोला, रंगूबाईला, फोन लावला. "वैनी, उद्घाटनाला या. आकाराम कमानीवर दिसंल." तिच्याकडं नवऱ्याचा एकच फोटो, तोही वाळवीनं निम्मा खाल्लेला.

उद्घाटनाच्या सकाळी जोतीराम लवकरच कमानीपाशी गेला. बघतो तर काय! टाइलवर तोच उभा. मिशांना पीळ, छातीवर पदक, आणि मानेवर दोन्ही हातांनी धरलेला एक जखमी जवान, तोंड खाली केलेला.

"यशराज, उलटं झालंय रं ह्ये!"

"काय उलटं, आबा? मानेवर माणूस हाय की."

"आरं, त्यो माणूस मी हाय! उचलणारा आकाराम."

"आवं आबा, पदकवाला दुसऱ्याच्या मानेवर दाखवायचा? लोक म्हणतील, मग ह्याला पदक दिलं कशाला?"

"मग खाली त्याचं नाव तरी ल्ह्या."

"परगावचं नाव आपल्या कमानीवर? आन् टाइल भाजून आणलीया. खडूनं काढलंय व्हय पुसायला?"

दहाच्या एसटीनं रंगूबाई आली. पदर सावरत वर बघत राहिली, लय वेळ.

"ह्यात आमचं मालक कंचं, भावजी?"

जोतीरामनं बोट वर केलं, मग खाली घेतलं. वरचा म्हणावा तर खोटं, खालचा म्हणावा तर तेही खोटं.

रंगूबाईनंच डोळे बारीक केले. "ह्यो खालचा तर न्हवंच. दोनी हात गुतवून कुणी मेंढरू धरतंय? मग काठी कुटं धरायची? ह्या माणसानं जल्मात जनावर उचललं न्हाई."

"न्हाई उचललं, वैनी," जोतीराम म्हणाला. "आकारामनं मला एकाच मुठीत धरलं हुतं."

"धरणारच की," रंगूबाई म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले.

इतक्या वर्षांत ही गोष्ट एका माणसाला नीट कळली, तीही तोंडाकडं बघून नव्हे, हाताकडं बघून. आणि तिलाच दाखवायला गावाकडं काही नव्हतं.

तबकात कात्री आली. जोतीरामनं ती हातात घेतली नाही. "चला वैनी," म्हणून तो कमानीला वळसा घालून पाटाच्या कडेनं घराकडं निघाला. फीत सरपंचानंच कापली.

तेव्हापासून हवालदार कमानीखालून जात नाही. डेअरीला दुधाची किटली घेऊन जातो तोही पाटाच्या चिखलातून, दुखऱ्या पायानं.

बनुबाई रोज ओरडते, "आवं, लोक खुळं म्हणत्यात! आन् तिथं पडला, तर उचलायला कोण येणार हाय?"

जोतीराम मांडी चोळतो, किटली उचलतो आणि पाटाची वाट धरतो.