शेजारचा चिरा

कोकमासाठी रातांबे फोडल्यावर सुटणारा आंबट, ओला वास आला की मला घरामागचा जांभ्या दगडाचा एक चिरा आठवतो. बाबा बोटीवर नोकरीला होते. दर खेपेला घरात काहीतरी नवं यायचं, आणि ‘ही शेवटची खेप, मग निवांत बसू’ हे त्यांचं वाक्य मात्र जुनंच असायचं. त्या मे महिन्यात त्यांनी घरभर संगमरवरी फरशी घातली आणि आईला दाखवायला तिला शोधत मागीलदारी आले. ती फणसाखाली चिऱ्यावर बसून रातांबे फोडत होती, स्वतःशीच गुणगुणत होती. “एवढं सगळं तुझ्या सुखासाठी केलं, आणि तू बसल्येस कुठे?” बाबा दुखावून म्हणाले. आई हसली. “अहो, मी सुखातच आहे. सुख काय बोटीवरून आणायचं असतं? बसा जरा.” बाबांनी शेजारी दुसरा चिरा ओढला आणि पांढऱ्या शर्टानिशी बसले. ऊन उतरेपर्यंत दोघांनी टोपली संपवली. शर्टावर रातांब्याचा लालभडक डाग पडला, तरी बाबा हसत होते. “पुढच्या वर्षी रोज बसू,” ते म्हणाले, “एवढी शेवटची खेप.” त्या खेपेहून त्यांची नुसती बॅग आली. आत तो शर्ट होता, डागासकट. शेजारचा चिरा आईने कधी कोणाला हलवू दिला नाही. मीही आता दुबईला असतो. रजेवर आलोय, आज आई रातांबे फोडत होती तेव्हा त्या चिऱ्यावर जाऊन बसलो. आईने मान वर न करताच विचारलं, “परत कधी जायचंय?” ‘हे शेवटचंच वर्ष’ असं अगदी ओठावर आलं होतं, ते गिळून मी टोपलीतला एक रातांबा उचलला.