माथेरानच्या रिकाम्या बाटल्या

कर्जतला आमचा सोडावॉटरचा कारखाना होता. कारखाना म्हणजे विहिरीशेजारची एक पडवी, हाताने फिरवायचे यंत्र, आणि ते फिरवणारे आम्ही दोघे भाऊ. व्यवहार थोरला भाऊ पाही. त्याला सगळे दादा म्हणत. आमचा जवळजवळ सगळा माल माथेरानला खपे. पेट्या आगगाडीने नेरळला जात आणि तिथून घोड्यांवर डोंगर चढत. वर एक कोकणी मुसलमान व्यापारी त्या उतरवून घेत आणि हॉटेलांना पुरवत. त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. त्यांची दलाली ठरलेली होती आणि दादाला ती नेहमीच जास्त वाटे.

एका उन्हाळ्यात वरच्या मोठ्या हॉटेलचा खानसामा स्वतः कर्जतला आला.

"चाचा मध्ये कशाला?" तो म्हणाला. "पेट्या या दारातून त्या दारात नेतो, एवढंच ना? सरळ मला पाठवा."

दादाने मान्य केले. मग इतर हॉटेलांनाही आम्ही परभारे माल देऊ लागलो. थोड्याच दिवसांत चाचा खाली आले. भांडले नाहीत.

"दादा, सोडा तुमचा, बाटली पन तुमचीच. सांभाळा म्हंजे झालं."

"चाचा, हा सल्ला का शाप?"

"सल्लाच. तो फुकट देतो. शापाला दलाली घेईन."

हंगाम चांगला गेला. पावसाळा लागताच माथेरान ओस पडले. हॉटेले बंद झाली, खानसामा पुण्याला गेला.

गळ्यात काचेची गोटी असलेली आमची बाटली विलायतेहून येई. मुंबईच्या व्यापाऱ्याकडे मागणी नोंदवली तरी ती यायला कित्येक महिने लागत. तीच बाटली पुन्हा पुन्हा भरायची, यावरच धंदा चाले. दरवर्षी पावसाआधी चाचांची माणसे हॉटेलांच्या मागच्या अंगणांतून बाटल्या गोळा करत आणि गवतात बांधून कोरड्या खोलीत रचून ठेवत. हेही एक काम आहे, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते.

पाऊस ओसरल्यावर आमचे हमाल वर गेले आणि जवळजवळ रिकाम्या हातांनी परतले. काही बाटल्यांत माळ्यांनी घासलेट भरले होते, काही गोटीसाठी पोरांनी फोडल्या होत्या. उरलेल्यांचा पत्ता नव्हता. दिवाळीचा हंगाम तोंडावर होता. बाटल्या मिळाल्या नाहीत तर यंत्र बंद ठेवावे लागणार होते.

दादा वर चाचांकडे गेला. मी बरोबर होतो. चाचांनी मधल्या काळात कल्याणच्या एका कारखान्याचा माल घ्यायला सुरुवात केली होती. त्यांच्या खोलीत कल्याणच्या बाटल्यांशेजारीच गवतात आमच्या बाटल्या रचलेल्या होत्या.

"कल्याणवाल्याच्या गोळा करताना ह्या पन उचलल्या," चाचा म्हणाले. "घेऊन जा. तुमच्याच हायत."

दादाने विचारले, "आणि माल? पूर्वीसारखा तुम्ही घ्याल?"

"घेईन. पन आदी माझ्यासंगं हाटेलात चला."

खानसामा पुण्याहून परतला होता आणि स्वयंपाकघरामागे कोंबड्या साफ करून घेत होता. चाचा दाराशी उभे राहिले. दादाने सांगितले की यापुढे सोडा चाचांकडूनच घ्यायचा.

"म्हणजे पुन्हा दलाली आली," खानसामा म्हणाला. "दर काय पडणार?"

"ते चाचांना विचारा," दादा म्हणाला.