धुतलेला कोपरा

शेजारच्या हेडक्लार्कसाहेबांचा मला अजून संताप येतो. दर वाक्याला ‘लिहून ठेवा!’ म्हणायची त्यांना खोड. आमच्या मुलुंडच्या चाळीत रेडिओ त्यांच्या एकट्याकडे. नवे राष्ट्रपती शपथ घेणार त्या सकाळी त्यांनी गॅलरीत सतरंजी अंथरली, सगळ्यांना बोलावलं. शपथ ऐकताना डोळे पुसत म्हणाले, “आता देश एक होणार, लिहून ठेवा!”

चाळ झाडणारी बाईही सतरंजीच्या कोपऱ्यावर टेकली होती. तिलाही हसून ‘बसा, बसा’ म्हणाले. ती गेल्यावर मात्र बादली आणली आणि तेवढाच कोपरा साबण लावून धुतला. मला म्हणाले, “जरा पिळायला धर रे.”

माझं डोकं भणभणलं. तरी मी टोक धरलं आणि पिळलं. हेही लिहून ठेवतो.