पालखी न थांबलेलं अंगण

काकूला गावकीत हात वर करायचा होता. मागणी एवढीच. पोलादपूरच्या डोंगरातल्या आमच्या वाडीत गावकी म्हणजे देवळातली पुरुषांची बैठक. घरटी एक पुरुष, एक हात. पाणी कुणाला आधी, रस्ता कुठून, सगळं तिथं ठरतं. बायका बाहेर, चपलांजवळ. काकू विधवा, मूलबाळ नाही, म्हणजे तिच्या घराला हातच नाही.

"दिल्लीसाठी माजं मत चालतंय, आन् देवळात नाय चालत?" असं ती दारोदार विचारत फिरायची. दर मार्चला महाडला चवदार तळ्यावर जाऊन यायची आणि परतल्यावर तिला आणखीच चेव यायचा. बायका हसून चहा द्यायच्या आणि विषय बदलायच्या. मला त्यांचा राग यायचा. अजून येतो.

गेल्या वर्षी शिमग्याआधीच्या बैठकीत ती सरळ आत जाऊन बसली. हात मोजायच्या वेळी तिनं हात वर केला. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. तिचा हात सोडून बाकीचे मोजले आणि बैठक पुढे चालू राहिली.

वाळीत टाकणं आता गुन्हा आहे, म्हणून हल्ली कुणी वाळीत टाकत नाही. नुसतं विसरतात. गिरणीवाला "पट्टा तुटलाय" म्हणाला, तेव्हा आत गिरणी घरघरत होती. समोरून येणारी बाई वाट सोडून बांधावरून निघून जायची. काकू म्हणायची, "बघू. देवी तर येईल ना दारात."

शिमग्यात ग्रामदेवीची पालखी घरोघर फिरते, प्रत्येक अंगणात टेकते आणि घरची बाई देवीची ओटी भरते. काकूनं अंगण सारवलं, रांगोळी घातली, ओटीचं तबक घेऊन उभी राहिली. मी शेजारी. ढोल घराघराशी थांबत जवळ येत होता. शेजारच्या अंगणात थांबला, पुन्हा सुरू झाला, आणि मग थांबलाच नाही. पुढच्या दांडीला माझा सख्खा भाऊ होता. त्यानं मान वळवली नाही.

"देवी नाय गो गेली," काकू म्हणाली, "खांदे गेले." तिनं तबक आत नेऊन ठेवलं.

पावसाळ्यात ती वारली. घर मला देऊन गेली, आणि मी महाडची खोली सोडून तिथं राहायला आले.

यंदाच्या बैठकीत मी तिच्या जागी जाऊन बसले. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. हात मोजायचं काम यंदा भावाकडे होतं. मी हात वर केला. त्याची नजर माझ्यावरून सरकली. तेवढ्यात चपलांजवळून त्याची बायको, माझी वहिनी, उठून आत आली. चारचौघांत कधी मोठ्यानं न बोललेली बाई. तिनंही हात वर केला. मोजता मोजता तो तिच्यापाशी आला, थांबला, आणि तिला सोडून पुढचा आकडा म्हणाला.

उद्या पालखी. दुपारपासून देवळाशी ढोल घुमतोय. संध्याकाळी वहिनी ओटीचं तबक पदराखाली झाकून माझ्याकडे आली.

"वन्सं, ह्ये हितंच ठेवते. उद्या मी ह्याच अंगणात उभी ऱ्हाणार हाय."

"आणि तुमचं दार?"

"कडी घालून येईन."

पुढच्या दांडीला यंदाही भाऊच आहे.