मूळ घरचा चुडा

हैदराबादचं नाव माझ्यासमोर काढू नका. बिर्याणी चांगली असेल, मोतीही चांगले असतील, मला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. मी तिथं लालबी मावशीला घेऊन गेलो होतो, आणि तिथं जे बघितलं ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

लालबी मावशी म्हणजे परंड्याची बांगडीवाली. जातीनं मन्यार. आमच्या आणि तिच्या घरात एकच भिंत आहे. तिची मापं काढत मी लहानाचा मोठा झालो, म्हणजे ती माझी काढायची आणि मी ऐकायचो. आता माझी भाड्याची जीप आहे, मिशा पिकायला लागल्यात, तरी मी तिच्यासाठी बल्याच.

डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन तिनं तालुक्यातली गावं पालथी घातली. बाईनं हात तिच्या हातात दिला की तिथून पुढं त्या हातावर बाईची सत्ता संपायची. अंगठ्याखालचं हाड दाबून ती हात असा निमुळता करायची की बांगडी कधी मनगटावर गेली ते कळत नसे. कुणी कुरकुरली तर खेकसायची, "हात सोड की गं सैल! म्या काय तोडून नेतीय व्हय?" आणि सगळ्या भरून झाल्या की वर एक जास्तीची भरायची. ती नको म्हणणाऱ्या बाईचं काही खरं नसे. "आमच्या हैदराबादची रीत हाय ती. गप बस."

आमच्या हैदराबादची! हे तिचं ठरलेलं होतं. चहा कडक झाला तर हैदराबादचा, पोरगी नाकीडोळी नीटस असली तर हैदराबादची. स्वतः तिनं हैदराबाद कधी बघितलं नव्हतं. तिच्या सासऱ्याचे आजोबा निजामाच्या काळात चारमिनारजवळच्या गल्लीतून बांगड्या विकत विकत इकडं आले आणि परंड्याच्या किल्ल्याजवळ राहिले, एवढंच. पण मूळ घर तिकडं होतं, मूळ दुकान तिकडं होतं, आणि घराण्याची एक रीत होती. घरात येणाऱ्या सुनेचा आणि घरातून जाणाऱ्या लेकीचा लग्नाचा चुडा आपल्या हातानं भरायचा नाही, मूळ घरच्या माणसानं येऊन भरायचा. तिच्या मुलाच्या, चाँदपाशाच्या लग्नात मूळ घरचे एक म्हातारे चाचा रेल्वेनं कुर्डुवाडीला आणि तिथून एसटीनं परंड्याला आले होते. मांडवात खाली बसून त्यांनी नव्या नवरीचे हात भरले होते. ती सून पुढं बाळंतपणात गेली. मागं राहिलेली तिची लेक तबस्सुम लालबीनंच वाढवली.

या बाईचा राग कसला असतो ते मी माझ्याच घरात बघितलंय. माझे वडील गेले तेव्हा भावकीतल्या बायकांनी माझ्या आईच्या, गजराबाईच्या बांगड्या फोडल्या. तेरावा झाला आणि लालबी पेटी घेऊन दारात उभी. माझा चुलता उंबऱ्यात आडवा झाला. "आता हितं तुमचं काय काम, मावशी?"

"हिचा नवरा मेलाय, हात न्हाय मेला. सरक."

"आमच्यात चालत न्हाय."

"माझा बी मेलाय. हे बघ माझे हात. चालत न्हाय म्हणं! फोडताना लई चाललं."

तिनं आईला ओढून बसवलं आणि दोन्ही हातांत एकेक हिरवी बांगडी भरली. चुलता त्या दिवशी न जेवता गेला. आईचे हात तेव्हापासून रिकामे नाहीत. पिचली की लालबी दुसरी भरते.

तर तबस्सुमचं लग्न बार्शीला ठरलं, आणि लालबीनं व्याह्यांना ठणकावून सांगितलं की चुडा हैदराबादचा, मूळ घरच्या हातचा. चाचा वारले होते. त्यांचा मुलगा अझीमभाई दुकान बघत होता. चाँदपाशानं त्याला फोन केला तर तो म्हणाला, यायला सवड नाही, तुम्हीच दुकानावर या. घरी या नाही म्हणाला, दुकानावर या म्हणाला. माझ्या कपाळावर तेव्हाच आठी पडली होती. लालबीला मात्र त्यात काही वावगं दिसलं नाही. तिनं कुंथलगिरीहून ताजा खवा आणवला, ठेवणीतली साडी नेसली आणि जीपमध्ये माझ्या शेजारी पुढं बसली. चाँदपाशा आणि तबस्सुम मागं. तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, सबंध रस्ताभर तिच्या तोंडाला विसावा नव्हता. चाचांचा हात किती हलका होता हे तबस्सुमनं एवढ्या वेळा ऐकलं की शेवटी तिनं कानात इअरफोन घातले.

दुकान कसलं, काचेचा महाल! एसी, आरसे, दिव्यांचा लखलखाट. पाटीवर मन्यार हा शब्द औषधालासुद्धा नव्हता, कुठलंसं भारदस्त आडनाव लावलं होतं. अझीमभाईनं बसल्या जागेवरून सलाम केला. आम्ही उभेच. पाण्याचा पेला कुणी पुढं केला नाही. लालबीनं खव्याचं पातेलं काउंटरवर ठेवलं, तर काच तेलकट होईल म्हणून त्यानं ते नोकराकडून खाली ठेववलं, पायांपाशी.

तरी लालबी हसतच होती. तिनं तबस्सुमचा हात धरून काचेवर ठेवला. "लो बेटा. भरो."

"साइज बोलो, खाला."

"साइज कायकू? हात है ना सामने."

अझीमभाई आजूबाजूच्या गिऱ्हाइकांकडं बघून हसला. मग पुढं वाकून हळूच म्हणाला, "हाथां पकड़ के चूड़ियां पहनाना अब कौन करता, खाला? वो छोटे लोगां का काम है."

"तुमारे अब्बा हमारे घरकू आको बहू के हात भरे. जमीन पे बैठको भरे."

"अब्बा पुराने आदमी थे." एवढं बोलून त्यानं मोबाईल उचलला.

आता पुढचं सांगताना माझ्या हाताच्या मुठी वळतात. या बाईनं आयुष्यात कुणापुढं तोंड वेंगाडलं नव्हतं. माझ्या चुलत्याला तिनं उंबऱ्यातून हलवलं होतं. ती त्या काचेला दोन्ही हात टेकून म्हणाली, "एक भरो, बेटा. बस एकच. बाकी मैं भरतूं."

त्यानं हात मागं घेतला. तबस्सुमच्या हाताला खरूज असावी तसा मागं घेतला. मग फळीवरून लाखेच्या बांगड्यांचा एक खोका काढला, आमच्याकडं सरकवला आणि गल्ल्यावरच्या माणसाला सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "इसको खैरात में लिख दो. गांव की गरीब बच्ची है, शादी है."

खैरात! अरे, त्या बाईनं प्रत्येक हातावर एक बांगडी फुकट चढवत जन्म काढला, आणि तिला खैरात! मी पुढं झालोच होतो. चाँदपाशानं मागून माझा शर्ट धरला. तो बिचारा सरळमार्गी माणूस, मान खाली घालून उभा होता. मला त्याचाही राग आला. तबस्सुमचा हात अजून काचेवर तसाच होता.

लालबीनं तो हात उचलून पदराखाली घेतला. खोक्याकडं बघितलंसुद्धा नाही. "बल्या, खवा उचल." मी पातेलं उचललं. ती अझीमभाईला म्हणाली, "खैरात खानेवालों के घर का खवा तुमकू कायकू?" आणि ती निघाली.

बाहेर आल्यावर चाँदपाशा म्हणाला, "अम्मा, आलोच हाय तर चारमिनार तरी बघू."

"तू बघ. आन तितंच ऱ्हा."

आम्ही काही न बघता परत फिरलो. जहीराबादच्या पुढं खव्याला आंबूस वास यायला लागला तेव्हा मी जीप थांबवून तो शेतात ओतला. लालबी रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. परंड्यात आल्यावर तिनं पेटी कॉटखाली सारली ती सारलीच. दारात आलेल्या बायकांना म्हणायची, "दुकानातनं घ्या. साइज सांगा आन घ्या." लग्न तोंडावर आलं, तबस्सुमचे हात रिकामेच, आणि ही म्हणे चुडा नाही भरला म्हणून निकाह अडत नाही.

हळदीच्या दिवशी बार्शीच्या बायका आल्या, तरी पेटी कॉटखालीच होती. माझी आई भिंतीपलीकडून उठून तरातरा तिच्या घरात गेली. मीही मागोमाग गेलो.

"पोरीचा हात मोकळा पाठवतीस व्हय गं?" आई ओरडली. "लोकाच्या पोरींना भरताना हात दुखला न्हाय तुझा! माझ्या दारात येऊन भांडलीस ती तूच ना?"

"माझ्या हातानं भरायचा न्हाय. रीत हाय."

"मग कुणाच्या?"

लालबीनं वाकून कॉटखालची पेटी खसकन ओढली आणि आईसमोर आदळली. "तूच भर."

बार्शीच्या बायकांत कुजबुज झाली. एक जण म्हणालीच, "पर ह्यांचे मालक तर..."

"मेलेत! म्हाईत हाय!" लालबी कडाडली. "म्या बी बसली होती तवा हिच्याजवळ. ज्याला बगवत न्हाय त्यानं तोंड फिरवा."

आईनं आयुष्यात कुणाला बांगडी भरली नव्हती. पहिल्या तीनचार तिनं फोडल्याच. तबस्सुमच्या हाताला चरा पडला. लालबी शेजारी बसून शिव्या घालत होती. "हाड दाब, हाड! भाकरी थापतीस व्हय? अगं फिरवू नगंस, सरकव!" आईही गप्प नव्हती. "तूच लई शानी! बस की गप!" तबस्सुम एका डोळ्यानं रडत होती आणि दुसऱ्यानं हसत होती. दोन्ही हात भरून आई उठायला लागली तसं लालबीनं तिला पदराला धरून खाली ओढलं.

"अजून एक ऱ्हायली. जास्तीची."

आईनं तीही भरली.

दुसऱ्या दिवशी मांडवात नवऱ्या मुलाच्या मावशीनं तबस्सुमचे हात उलटसुलट करून बघितले आणि कौतुकानं विचारलं, "हैदराबादचा ना चुडा?"

"परंड्याचा," लालबी म्हणाली. "हिनं भरलाय." आणि मागं लपणाऱ्या माझ्या आईचा हात मनगटाला धरून तिनं सगळ्यांना दिसेल असा वर केला. त्या हातात एक हिरवी बांगडी होती.